डावी बाजू मोकळी

जालन्यात फुटबॉल खेळतात, असं मी बाहेरगावी सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडं बघतो आणि मग मोसंबीचा भाव विचारतो. त्याचंही चुकत नाही. आमचं गाव लोखंडाच्या सळयांसाठी ओळखलं जातं, बियाण्यांसाठी ओळखलं जातं. फुटबॉलसाठी ओळखलं जावं असं आम्ही आजवर काही केलेलं नाही. तरी पण आमचा एक क्लब आहे, आणि तो क्लब वर्षातून एक सामना ठरवून, नारळ फोडून, हार घालून हरत आला. त्याला कारण मी. इतर सामने आम्ही माझ्या पायांमुळं हरतो. हा एक तेवढा माझ्या तोंडामुळं.

मी शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळं क्लबात मला सगळे मास्तर म्हणतात आणि कुठंही माइक दिसला की माझ्या हातात आणून देतात. आणि मीही घेतो. इथंच सगळी गडबड झाली.

आमच्याकडं एक डावा विंगर होता. अकरा नंबरचा शर्ट घालायचा. नाव सांगत नाही, कारण नाव घेतलं की आमचा गोलकीपर अजून चष्मा पुसायला काढतो, आणि चष्मा काढला की त्याला चेंडू दिसत नाही. तर हा अकरा नंबर डाव्या कडेनं पळायला लागला की मैदानाबाहेरच्या भेळवाल्याचा हात पातेल्यात थांबायचा. क्रिकेट खेळायला आलेली पोरं बॅटी टेकवून उभी राहायची. आमच्या गावात फुटबॉलसाठी क्रिकेट थांबलं, असं त्याच्याआधी कधी झालं नव्हतं आणि त्याच्यानंतरही झालं नाही.

मी लेफ्ट बॅक. म्हणजे बरोबर त्याच्या मागं उभा राहणारा. डावीकडून कुणी चाल करून आला तर त्याला अडवणं हे माझं काम. पण अकरा नंबर पुढं गोल मारून यायचा आणि मागं येऊन माझंही काम करून जायचा. त्यामुळं सात वर्षं मी जालन्यात एक भरवशाचा बचावपटू म्हणून वावरलो. माझी रहस्यं फक्त त्याला माहीत होती.

"मास्तर," तो मला सामना सुरू होण्याआधी सांगायचा, "तुमी नुसतं हुबं ऱ्हा. काही करू नका. तुमी काही केलं की मला डबल काम पडतं."

एकदा परभणीहून टीम आली होती. मी उत्साहाच्या भरात उंच उडी मारून असा काही हेडर मारला की चेंडू सरळ जाळ्यात. आमच्याच. आमचा गोलकीपर मारवाड्याचा. त्याच्या आजोबांपासून लोखंडाचं दुकान आहे. सळया उचलायचे हातमोजे घालून तो गोलात उभा राहतो. त्यानं ते हातमोजे काढून माझ्या अंगावर फेकले. तेवढ्यात अकरा नंबर धावत आला, मला कडकडून मिठी मारली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हेडर एकदम बराबर होता, मास्तर. लोकायनंच गोल उलट्या बाजूला बांधून ठेवला." ते वाक्य अजून माझ्या नावावर गावात फिरतं. मराठीच्या मास्तरला स्वतःचं असं एवढंच साहित्य मिळालं, आणि तेही दुसऱ्यानं रचलेलं.

त्याच्या वडिलांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बियाण्यांचं दुकान. मूळचे वाटूरकडचे शेतकरी. जमीन भावाकडं ठेवून ते शहरात आले आणि दुकानात घट्ट बसले. पोरानंही बसावं एवढीच त्यांची इच्छा. पोरगं दिवसभर बसायचंही. पण साडेचार वाजले की "गोदामात जाऊन आलो" म्हणून उठायचं. पँटीच्या आत चड्डी आधीच घातलेली असायची. बूट भेळवाल्याकडं ठेवलेले असायचे. एक दिवस हे उघडकीला आलं आणि बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. वडील बोलून बसले, "जवर तू दुकान धरत न्हाईस, तवर मी त्या मैदानावर पाय ठेवनार न्हाई."

आम्हाला हे सांगताना अकरा नंबर पोट धरून हसला होता. "बरंच झालं! बाप येऊन बसला असता तर लाजंनं माहा पायच चालला न्हसता."

सत्ताविसाव्या वर्षी, पावसाळा संपता संपता त्याला ताप आला. आठ दिवस ताप होता. नवव्या दिवशी तो नव्हता. ह्या भागाविषयी मला आजही गंमतीचं काही सुचत नाही, म्हणून पुढं जातो.

क्लबनं शोकसभा घेतली आणि माइक माझ्या हातात आला. आता खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. रडू येत असलं की शहाणा माणूस कमी बोलतो. मी मराठीचा मास्तर. मी दहा मिनिटं बोललो, आणि शेवटी हात वर करून गरजलो, "जोवर हा क्लब आहे, तोवर त्याची जागा रिकामी राहील! मैदानाच्या डाव्या बाजूवर कुणाचंही पाऊल पडणार नाही!"

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. माझ्यासाठी वाजल्या. गोलकीपर हमसून हमसून रडला. आमचा कॅप्टन मोटारी वाइंडिंग करून देणारा, एरवी एका शब्दाच्या जागी मान हलवणारा माणूस. त्यानं माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, "मंजूर." मी खाली बसलो, पाणी प्यालो, आणि पहिल्या घोटाबरोबर माझ्या डोक्यात उजेड पडला, की त्या रिकाम्या जागेच्या मागं कोण उभं राहणार आहे!

कॅप्टनच्या कृपेनं ही शपथ सगळ्या सामन्यांना लागू झाली नाही. वर्षातून एकदा, त्याच्या जाण्याच्या दिवसाजवळच्या रविवारी, स्मरणार्थ सामना. आम्ही दहा जण. समोर नदीपलीकडची टीम, पुरे अकरा. मोकळी बाजू एकच राहावी म्हणून मध्यंतरानंतरही बाजू बदलायच्या नाहीत, असंही ठरलं.

पहिल्या वर्षी फार देखणा प्रकार झाला. पलीकडचे लोक चांगले. आमच्या दुःखाच्या जागेत पाऊल कसं टाकायचं, म्हणून तेही तिकडं फिरकले नाहीत. एकवीस माणसं अर्ध्या मैदानात, लग्नातल्या पंगतीत वाढपी फिरावेत तशी एकमेकांना धक्के मारत फिरत राहिली आणि सामना शून्य-शून्य सुटला. लोकांच्या डोळ्यांत पाणी. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांच्या उजव्या विंगरला कुणीतरी सांगितलं असावं, की भक्तीलाही काही हद्द असते. तो त्या मोकळ्या जागेतून सुसाट आला, माझ्या बाजूनं, खरं तर माझ्यातूनच, निघून गेला आणि गोल मारला. मग परत येताना कडेला खुर्चीवर ठेवलेल्या फोटोसमोर उभा राहिला, चपळाईनं हात जोडले आणि कान पकडले. तेव्हापासून दरवर्षी तो तीन-चार वेळा येतो, गोल मारतो, फोटोची माफी मागतो आणि जातो. माझी माफी कुणी मागत नाही.

चौथ्या-पाचव्या वर्षी एका शेरडंवाल्याला पत्ता लागला, की ह्या रविवारी मैदानाचा हा पट्टा बिलकुल मोकळा असतो आणि पावसाळ्यानंतर तिथं गवतही बरं असतं. त्यानं शेळ्या आणून सोडल्या. रेफरी म्हणजे आमच्याच शाळेतले निवृत्त पीटीचे सर. त्यांनी त्याला हाकललं, तर म्हणतो कसा, "साहेब, मानसायला बंदी हाय न? शेरडायचं काय बोल्ले होते का मास्तर?" आता, शेरडांचा उल्लेख माझ्या भाषणात खरोखरच राहून गेला होता.

अशी वर्षं गेली. आम्ही हरत राहिलो आणि हरण्याचा आम्हाला थोडा अभिमानही वाटायला लागला. आमच्याइतकं कुणी आठवण ठेवत नाही, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. मी तर बाहेरगावच्या व्याख्यानांतही सांगायचो.

यंदा सामन्याच्या तीन दिवस आधी अकरा नंबरच्या वडिलांचा निरोप आला, मास्तरला दुकानावर पाठवा.

त्यांच्या दुकानात मी ह्या सगळ्या वर्षांत दोनदाच गेलो होतो. दोन्ही वेळा परसातल्या मेथीचं बी घ्यायला, आणि दोन्ही वेळा त्यांनी पिशवी देताना माझ्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं. यंदा बघतो तर फळ्या रिकाम्या. काउंटरवर धूळ. काका, म्हणजे त्याचे वडील, एका स्टुलावर बसलेले, धोतर नीट आवरून, जणू परक्याच्या दुकानात आलेत.

"बसा मास्तर. च्या घेता?"

"आत्ताच घेतला, काका."

"मंग आजून एक घ्या." त्यांनी पोऱ्याला हाक न मारता स्वतःच शेजारच्या टपरीकडं बोट केलं. चहा आला. मग म्हणाले, "दुकान भाच्याला दिलं. सोमवारी चाललो लेकीकडं, संभाजीनगरला. आता तिथंच. डोळ्याचं बी लक्षण काही खरं न्हाई म्हनते डाक्टर."

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"रविवारी तुमचा त्यो खेळ हाय न?"

"आहे, काका."

"मी येऊ का?"

बशीतला चहा माझ्या पँटवर सांडला. त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

"मी बोल्लो होतो, दुकान धरशील तवाच येईन. त्यो गेला, पन बोल्लेलं तसंच ऱ्हायलं. आता दुकानच न्हाई, तर कशाची शपथ अन् कशाचं काय. सात वर्षं जात होता तिथं. म्हन्लं, जायच्या आधी एक डाव बघावं, पोरगं तिथं जाऊन करत काय होतं."

"या की काका! जरूर या!" मी एवढ्या जोरात म्हणालो की टपरीवाल्यानं वळून पाहिलं. "तुमच्यासाठी कडेला खुर्ची ठेवतो. एकदम पुढं!"

स्कूटरवर बसून मी अगदी भरून आलेल्या मनानं पुलापर्यंत आलो, आणि पुलावर मला आठवलं, की काकांना जे बघायचंय ते दाखवायची आमची काहीच व्यवस्था नाही. माणूस आयुष्यात एकदा, शेवटचं, आपला मुलगा काय करत होता ते बघायला येणार. आणि आम्ही त्यांना काय दाखवणार? गवत. नशीब असेल तर शेळ्या.

मी हे कॅप्टनला सांगितलं. त्यानं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

रविवारी चार वाजता काका आले. पांढरं धोतर, नवी टोपी. मैदानाच्या कडेला चपला काढायला लागले. कुणीतरी म्हणालं, "काका, देऊळ न्हाई हे, राहू द्या." फक्कीची पांढरी रेघ ओलांडायची की नाही ह्याचा त्यांना अंदाज येईना. आम्ही त्यांना डाव्या बाजूला, मधोमध, खुर्चीवर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर हार घातलेला फोटो. पासपोर्टचाच मोठा केलेला. त्यात तो विंगर वाटतच नाही, पतपेढीत नुकताच चिकटलेला वाटतो. काकांनी फोटोकडं पाहिलं आणि त्याच्यावरची फुलाची पाकळी तेवढी झटकली.

नारळ फुटला, दोन मिनिटं शांतता झाली आणि शिट्टी वाजली.

मी लेफ्ट बॅक, त्यामुळं खेळता खेळता त्यांच्या जवळून माझी ये-जा. पाच-सात मिनिटांनी त्यांनी मला हात केला. मी गेलो. सामना चालू असताना बचावपटूनं प्रेक्षकाशी गप्पा मारायला जाऊ नये, हा नियम मला माहीत आहे. पण माझ्या जागेवर मी असल्या-नसल्यानं सामन्याला फारसा फरक पडत नाही, हेही माहीत आहे.

"मास्तर, त्यो कुठं हुबा ऱ्हायचा?"

"हे काय, इथंच. तुमच्या समोर. इथून ते त्या कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत सगळं त्याचं."

काकांनी डोळे बारीक केले. "तिथं तर कुनीच न्हाई."

"होय, काका." मी छाती पुढं काढली. "त्याच्या आठवणीसाठी मोकळी ठेवतो आम्ही. नऊ वर्षं झाली. कुणी पाऊल टाकत नाही."

ते काही बोलायच्या आत पलीकडचा विंगर त्याच मोकळ्या पट्ट्यातून वाऱ्यासारखा निघून गेला. मी गप्पा मारत असल्यामुळं यंदा त्याला माझा तेवढाही अडथळा झाला नाही. गोल. मग नेहमीप्रमाणं तो आला, फोटोला हात जोडले, कान पकडले. यंदा शेजारी काका दिसले म्हणून गडबडून त्यांच्याही पाया पडला.

"ह्यो कामून पाया पडून राह्यला?"

"माफी मागतो, काका. मोकळ्या जागेतून आला म्हणून."

मध्यंतर होईपर्यंत तो आणखी एकदा पाया पडून गेला.

मध्यंतरात आम्ही रिंगण करून मोसंबीच्या फोडी खात बसलो होतो. काका खुर्चीवरून उठले आणि चालत आमच्यापर्यंत आले. रेघ ओलांडताना ह्या खेपेला थांबले नाहीत.

"मोकळी जागा मला घरी बी दिसती, बाबांनो," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "जेवायला बसलो की समोर दिसती. दुकानात नऊ वर्षं तीच पाह्यली. ती पाह्यला मी इथं न्हाई आलो."

माझ्या तोंडात मोसंबीची फोड होती. ती चावावी की नाही कळेना.

"काका, शपथ घेतलेली हाय," कॅप्टन म्हणाला. त्याच्या हिशेबानं हे भाषणच होतं.

"कुनी घेतली?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. एरवी आमच्या टीममध्ये एवढा समन्वय नसतो.

"मास्तर," काका माझ्याकडं वळले, "मी बी असाच बोलून बसलो होतो. पोरगं जितं होतं तवर आलो न्हाई, गेल्यावर बी आलो न्हाई. कुनाचं काय भलं झालं? तुमी बी बोल्ले. चांगल्या मनानं बोल्ले. आता बास करा. तिथं कोनी तरी पळू द्या. मला पाहू द्या."

गोलकीपरनं चष्मा काढला. कॅप्टननं क्लबातल्या एका नव्या खेळाडूकडं बोट केलं. वीस-एकवीसचा, सळसळीत, पळायला पट्टीचा. "ह्याला घेऊ. लई जोरात पळतो, काका."

"ह्यानं त्याला पाह्यलं होतं का?"

नव्हतं पाहिलं. तो तेव्हा पाचवी-सहावीत असेल.

"मंग काय उपेग? तिथं ह्यायला जाऊ द्या," आणि काकांनी माझ्याकडं हनुवटी केली. "मास्तर."

सगळे एकदम हसले. मीसुद्धा हसलो. मग पाहिलं, तर काका हसत नव्हते.

"काका, मी? मला डाव्या पायानं सायकलचं स्टँडसुद्धा लावता येत नाही."

"तुमी सात वर्षं त्याच्या मागं हुबे होते. त्याची पाठ तुमच्याइतकी कोनी पाह्यली हाय? तुमाला बराबर ठाऊक असंल त्यो काय करायचा."

"ठाऊक असणं वेगळं, काका, आणि..."

"पन मास्तर पुढं गेल्यावर मंग मागं कोन?" गोलकीपरनं काळजीनं विचारलं. त्याची काळजी रास्त होती. गोल त्याच्यावर होतात.

"मागं आजवर कोन होतं?" काका म्हणाले.

ह्यावर जे हसू उसळलं ते पलीकडच्या टीमपर्यंत गेलं. तिथल्या लोकांनी काय झालं म्हणून विचारलं, त्यांना सांगितलं गेलं, मग तेही हसले. कॅप्टननं मान हलवली. ह्या खेपेला मला ती कळली.

तर वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी डावा विंगर झालो. त्या पट्ट्यात पहिलं पाऊल टाकताना मला चोरी केल्यासारखं झालं. नऊ वर्षं ह्या दिवशी तिथं आमच्यातलं कुणी खेळलं नव्हतं. पावसाळ्यानं गवत पोटरीपर्यंत आलं होतं. शेळ्यांनी ठेवलं होतं तेवढं.

पहिला पास आला. मी उजव्या पायानं थांबवला.

"अहो डाव्यानं!" कडेवरून कुणीतरी ओरडलं. "तो डाव्यानं घ्यायचा, मास्तर! बाहेरच्या अंगानं!"

दुसरा पास मी डाव्यानं घेतला. म्हणजे घ्यायला गेलो. चेंडू माझ्या पायाखालून रेघेबाहेर गेला आणि मी बसलो. भेळवाला गाडा सोडून पुढं आला. "बसून काय राह्यले? त्यानं पह्यले एक पाऊल मागं घेतलं असतं! असं!" आणि त्यानं काकांसमोर, एप्रनसकट, एक पाऊल मागं घेऊन दाखवलं.

"मंग?" काकांनी त्याला विचारलं.

"मंग इकडं बघायचा अन् तिकडून जायचा."

"न्हाई, न्हाई, तिकडं बघायचाच न्हाई," दुसरा एक जण मध्ये पडला. "मान खालीच असायची त्याची. पोचल्यावर वर करायचा."

"अरे, मान खाली कुठं? हसत पळायचा तो!"

आता कडेवर वीस-पंचवीस माणसं जमली होती आणि सगळी एकाच वेळी मला शिव्या देत होती. तो असा वळला असता. तो इथं थांबला असता. तो एवढ्या वेळात परत जाऊन मास्तरचं कामसुद्धा करून आला असता. मी एक चूक करायचो आणि चार माणसं काकांच्या खुर्चीवर वाकून सांगायची, की त्यानं ह्याच्या जागी काय केलं असतं. काका एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा सांगणाऱ्याच्या हाताकडं. माझ्या लक्षात आलं, की मी जितका वाईट खेळतोय तितकं त्यांना नीट दिसतंय. ही एक गोष्ट तरी माझ्या हातची होती. मी जीव ओतून वाईट खेळलो. खरं तर निराळं काही करावं लागलं नाही.

मग ती चाल झाली. कॅप्टननं मधून लांब चेंडू टाकला. तो माझ्या पुढं पडला, आणि कसा कोण जाणे, माझ्या पायाशी राहिला. समोर पलीकडचा राइट बॅक. हा जुना माणूस, माझ्याच वयाचा. सात वर्षं अकरा नंबरला अडवायचं काम ह्याच्याकडं होतं, म्हणजे सात वर्षं तो फसत आला होता. मी चेंडू घेऊन धडपडत त्याच्या अंगावर गेलो. अकरा नंबर नेमका इथं एकदम थांबायचा. मी ठरवून थांबलो नाही. माझा दम संपला, म्हणून मी थांबलो.

आणि तो राइट बॅक माझ्या बाजूनं तसाच पुढं निघून गेला. चार पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो वळला आणि नुसता उभा राहिला. त्याचे पाय जुन्या सवयीनं गेले होते.

आता त्यांचा गोलकीपर आणि मी. मी डावा पाय मागं नेला आणि मारला.

चेंडू भेळवाल्याच्या गाड्याखाली गेला.

पण मी सांगतोय ते चेंडूचं नाही. मी मारला त्याच क्षणी कडेवरच्या सगळ्या माणसांच्या तोंडून एकच "आऽऽ" निघाला आणि सगळ्यांचे हात वर गेले. एकही हात भेळेच्या गाड्याकडं नव्हता. सगळे हात गोलच्या उजव्या खांबाकडं, वरच्या कोपऱ्याकडं, तो मारायचा तिथं. एवढा वेळ मान खाली होती की वर, ह्यावरून भांडणारी माणसं. पण ह्या एका जागेबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. पलीकडच्या टीमचेही दोन-तीन हात वर होते. त्यांचा गोलकीपर तर त्या कोपऱ्याकडं वळून बघत होता.

काका खुर्चीवरून उठले होते. ते हातांच्या दिशेनं, त्या कोपऱ्याकडं बघत होते. कितीतरी वेळ. डोळ्यांवर हाताची सावली धरून.

"गेला का आत?" त्यांनी विचारलं.

कॅप्टन बोलला. "गेला, काका."

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आणि मला वाटलं आता हे खाली बसतील, डोळे पुसतील, आणि मला उद्या शाळेत सांगायला एक हृद्य प्रसंग मिळेल. पण काका धोतराचा सोगा वर घेऊन तरातरा मैदानात शिरले ते थेट पीटीच्या सरांसमोर.

"मंग शिट्टी कामून न्हाई वाजवली?"

"कशाची, काका?"

"गोलाची! एवढे लोक सांगून राह्यले तुमाला दिसंना?"

"काका, चेंडू गाड्याखाली गेला," सर शांतपणे म्हणाले. पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. "नियमात बसत नाही."

"मास्तरचा गेला गाड्याखाली. त्याचा आत गेला."

"अहो पण तो..."

"तुमी अंपायर हायेत का कोन हायेत? नीट बघता येत न्हाई तर चष्मा लावा!"

मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी माझा हात झटकला. "तुमी जरा बाजूला व्हा, मास्तर. तुमच्याच्यानं काही होत न्हाई, पाह्यलं मी." मागं भेळवाला फुटाणे उडाल्यासारखा हसत होता. कॅप्टन चक्क हसत होता. आम्ही दोन-शून्यनं मागं होतो, सामन्याची वीसेक मिनिटं उरली होती, आणि आजवर मैदानावर पाय न ठेवलेला माणूस आता मैदानाबाहेर निघायला तयार नव्हता.

सरांनी हताश होऊन आजूबाजूला पाहिलं. तेवढ्यात पलीकडचा तो राइट बॅक धापा टाकत तिथं आला. घाम पुसला आणि सरांकडं न बघता, काकांकडं बघत म्हणाला,

"गोल झाल्ता, सर. मी फसलो होतो."